साडेपाच की साडेसहा

आमच्या गॅरेजची आतली खोली बरोबर २० फूट आहे. या घरात राहायला येऊन बारा वर्षं झाली, तरी गेल्या वर्षीपर्यंत हे मला माहीत नव्हतं आणि माहीत असायचं काही कारणही नव्हतं. मिनीव्हॅन आत जायची, दार खाली यायचं, विषय संपायचा. मग मे महिन्यातल्या एका शनिवारी मी टेप घेऊन मागच्या भिंतीपासून दारापर्यंत रांगलो. उठलो, पुन्हा रांगलो. दोन्ही वेळा २४० इंचच भरले. नव्या पिकअप ट्रकसाठी मला हवे होते २४३.५.

साडेतीन इंच कमी. साडेतीन मुहूर्त झाले, साडेतीन शक्तिपीठं झाली, आता हे साडेतीन इंच.

आम्ही राहतो डेन्व्हरच्या दक्षिणेला. कोलोरॅडोत राहून डोंगरात मुक्कामाला न जाणं म्हणजे आळंदीत राहून माउलींच्या दर्शनाला न जाणं, त्यामुळे मुलगा लहान असल्यापासून आमचे उन्हाळे तंबूत गेले. पण तंबूत शिरायला जे वाकावं लागतं ते पन्नाशीजवळ गुडघ्यांना कळायला लागतं. त्यातच आबा आणि आई सहा महिन्यांसाठी येणार होते. आबा पंचाहत्तरी ओलांडलेले. त्यांना कुठंही झोप लागते. उसाला पाणी पाजताना बांधावर झोपलेला माणूस. आईची मात्र एकच अट होती. ‘‘डोंगरात न्या नाहीतर कड्यावर न्या, संडास आपला पाहिजे.’’ या एका वाक्यातून कॅम्पर ट्रेलर आला, ट्रेलर ओढायचा म्हणून पिकअप ट्रक आला, आणि ट्रक आला म्हणून मी गॅरेजमध्ये रांगत होतो.

पिकअप म्हटलं की आमच्या वाळवा तालुक्यात डोळ्यांपुढे येते ती भाजी नाहीतर कोंबड्या भरून बाजाराला निघालेली बोलेरो. तिच्या हौद्याची लांबी किती घ्यावी असा प्रश्न तिथे कुणाला पडत नाही. जो हौदा येतो तो आपला. इथे एकच ट्रक घ्यायला जावं तर तीन प्रकारची केबिन आणि तीन लांबीचे हौदे समोर येतात. फोर्डच्या एफ-१५०चे आकडे देतो, कारण फिरून फिरून आम्ही तोच घेतला. लहान हौदा आतून ६७.१ इंच, मधला ७८.९ आणि मोठा ९७.६. बोलताना सगळे साडेपाच, साडेसहा आणि आठ फुटी असंच म्हणतात. शेवरले, राम, टोयोटा यांच्यात इंच-दोन इंचांचा फरक पडतो, कुटुंब तेच.

आठ फुटांना एक सरळ कारण आहे. प्लायवूडचा शीट आठ बाय चारचा येतो. म्हणून मोठ्या हौद्यात तो सपाट झोपतो आणि फाळकाही बंद होतो. चाकांच्या उंचवट्यांमध्येही चार फुटांहून थोडी जास्त जागा सोडलेली असते, ती त्याच शीटसाठी. ट्रक हे सुताराचं, गवंड्याचं, शेतकऱ्याचं वाहन होतं तोवर केबिनमध्ये दोन-तीन माणसं आणि मागे आठ फूट, असा हिशेब होता. पुढे त्यात कुटुंब बसायला लागलं, मागे दोन दारं आणि दुसरा बाक आला, आणि केबिन जेवढी वाढली तेवढा हौदा आखडत गेला. एफ-१५०मध्ये चार पूर्ण दारांची केबिन हवी असेल तर आठ फुटी हौदा मिळतच नाही. माणसं तरी घ्या नाहीतर प्लायवूड तरी.

आम्ही पाच जण. म्हणजे मोठी केबिन ठरलेलीच. उरला सवाल साडेपाच की साडेसहा. साडेपाच फुटीची एकूण लांबी २३१.७ इंच, गॅरेजमध्ये शिरून वर सव्वाआठ इंच उरतात. साडेसहाची २४३.५.

बायकोच्या दृष्टीने निकाल इथेच लागला होता. तिचा मुद्दा खोडण्यासारखा नव्हता. डेन्व्हरच्या या पट्ट्यात मे-जूनमध्ये ज्या गारा पडतात, त्या आपल्या वळवाच्या गारांसारख्या वेचून खायच्या नसतात. गाडीच्या पत्र्याला त्या खळ्या पाडून जातात. शिवाय आमच्या वसाहतीची समिती. हिला इथे एचओए म्हणतात, आणि हिच्यापुढे पुण्यातल्या सोसायटीचे सेक्रेटरी संत वाटावेत. घरापुढे ट्रेलर उभा करायचा नाही, हे त्यांच्या नियमात आहेच. ट्रेलर भाड्याच्या जागेत आणि ट्रकही बाहेर? ‘‘मग गॅरेजमध्ये काय ठेवायचं, तुझा टेप?’’ असं ती म्हणाली.

शोरूमच्या आवारात आबांनी वेगळीच परीक्षा घेतली. विक्रेता हॉर्सपॉवर सांगत होता. आबांनी चपला काढल्या, मागच्या बंपरवर पाय दिला आणि साडेपाच फुटी हौद्यात चढून चक्क आडवे झाले. आबांची उंची पाच फूट नऊ इंच. फाळका बंद करायला लावला. आतून आवाज आला, ‘‘पाय दुमडाय लागत्यात रं. ह्यात मढं बी न्हाई मावायचं.’’

‘‘शुभ बोला काहीतरी,’’ आई म्हणाली.

विक्रेत्याला शब्द कळले नाहीत, अर्थ कळला असावा. तो आम्हाला शेजारच्या साडेसहा फुटीकडे घेऊन गेला. आबा तिथेही झोपले. डोक्याकडे वीतभर जागा उरली. उठायची घाई न करता ते आभाळाकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, ‘‘हा घे.’’

आता खरं सांगायचं तर हौद्याची लांबी ज्या कारणाने जीवघेणी महत्त्वाची ठरते, ते आमच्या बाबतीत लागूच नव्हतं. पण ते कळायला एक महिना गेला, कारण मध्ये बायकोला एक फिफ्थ व्हील आवडला.

ट्रेलर दोन तऱ्हांनी ओढता येतो. साधा ट्रेलर ट्रकच्या मागे, बंपरखालच्या गोळ्याला जोडतात. आपली ट्रॅक्टरची ट्रॉली, तसंच. फिफ्थ व्हील मात्र पुढून बदकाच्या मानेसारखा उचललेला असतो, आणि त्याची पिन ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे बसवलेल्या जोडणीत अडकते. वजन थेट आसावर येतं, त्यामुळे तो ट्रकला मागून शेपटीसारखा हलवत नाही. आत शिरलं की तीन पायऱ्या चढून झोपायची खोली, खाली ओटा, खिडकीशी सोफा. बायको त्या ओट्यापाशी उभी राहून काल्पनिक पोळ्या लाटत होती. मी ओळखलं, हे महागात जाणार.

तिथल्या माणसाने साडेसहा फुटी हौद्यालाही हा जोडता येतो असं सांगितलं. येतो, हे खोटं नाही. वळताना काय होतं ते त्याने सांगितलं नाही. घरी आल्यावर आबांनी मुलाकडचा खडू मागून घेतला आणि घरासमोरच्या काँक्रीटवर ट्रक काढला. केबिन, हौदा, आस. मग पुठ्ठ्याचा ट्रेलर कापून त्याच्या पिनेच्या जागी खिळा टोचला आणि तो फिरवून दाखवला.

हिशेब पाचवीच्या भूमितीचा आहे. ट्रेलरची रुंदी साडेआठ फुटांपर्यंत असते, म्हणजे १०२ इंच. निम्मे ५१. ट्रक ट्रेलरला काटकोनात आला, की ट्रेलरची बाजू पिनेपासून ५१ इंचांवर येणार. आठ फुटी हौद्यात आसापासून केबिनच्या पाठीपर्यंत ५५ इंचांच्या आसपास जागा असते. निभतं. साडेसहा फुटीत ती ४० इंचांच्या आसपास. म्हणजे अरुंद जागेत मागे घेताना ट्रेलरचा कोपरा येऊन केबिनच्या मागच्या काचेला भेटणार. त्यावर उपाय आहेत. जोडणीच मागे सरकवता येते. काही हाताने सरकवायच्या, काही वळताना आपोआप सरकणाऱ्या. काही ट्रेलरांच्या नाकाचे कोपरेच आत कापलेले असतात. पण सरकणारी जोडणी महाग आणि भलती जड असते. हाताने सरकवायची असेल तर ती नेमकी विसरली जाते त्या संध्याकाळी, जेव्हा अंधार पडलेला असतो, पोरं भुकेली असतात आणि मागे तीन गाड्या खोळंबलेल्या असतात. ज्यांना फिफ्थ व्हीलच घ्यायचा आहे त्यांना माझं सांगणं सरळ आहे: आठ फुटी हौदा घ्या आणि या सरकवासरकवीच्या नादी लागू नका. गॅरेज विसरा.

आमचा फिफ्थ व्हील मात्र काचेमुळे नाही, वजनामुळे गेला. आणि इथे मला आबांकडून एक शब्द मिळाला, जो कुठल्याही माहितीपत्रकात नव्हता.

ट्रेलरच्या एकूण वजनातला काही भाग जोडणीवर टेकतो. साध्या ट्रेलरचा १० ते १५ टक्के, फिफ्थ व्हीलचा २० टक्क्यांच्या आसपास. दहा हजार पौंडांचा फिफ्थ व्हील म्हणजे दोन हजार पौंड थेट हौद्यात. साध्या ट्रेलरमध्ये हे १० टक्क्यांच्या खाली गेलं, म्हणजे सामान मागे जास्त भरलं, की दांडी हलकी होते आणि वेग घेतला की ट्रेलर डोलायला लागतो. डोलणं वाढत गेलं की तो ट्रकलाही घेऊन जातो. मी हे आबांना समजावून सांगत होतो. टक्केवारी, आलेख, व्हिडिओ. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘‘म्हंजी उलार व्हायची न्हाई गाडी.’’

उलार! बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. ती उलार गाडी. पुढे जास्त झालं की जू मानेवर दाबतं, बैल चार पावलांत तोंडाला फेस आणतो, ती धुरजड. ऊस भरताना मोळ्या कुठं किती टाकायच्या, हे आबा दहाव्या वर्षी शिकले होते. इथे त्याच ज्ञानासाठी मी तीन रात्री जागलो होतो. त्या दिवसापासून आमच्या घरात हाच शब्द चालतो. माझा मुलगा, ज्याला मराठीत ‘एकोणसाठ’ म्हणता येत नाही, तो ट्रेलरच्या मागच्या कपाटात पाण्याचे कॅन ठेवताना विचारतो, ‘‘बाबा, इज इट उलार?’’

तर धुरजडपणाची मर्यादा ट्रकवरच लिहिलेली असते. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक लहानसं स्टिकर दिसतं: माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर नको. जाहिरातीत ट्रक ११ हजार पौंडांच्या वर ओढतो असं मोठ्या अक्षरात असतं. ते ओढणं. हे उचलणं. दोन्ही एक नव्हेत, आणि आधी संपतं ते उचलणं. गंमत म्हणजे एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांवर हा आकडा वेगळा असतो, कारण काचेचं मोठं छत, गरम-थंड होणाऱ्या खुर्च्या, आपोआप बाहेर येणाऱ्या पायऱ्या हे सगळं त्याच कोट्यातून वजा होतं. आम्ही पाहिलेल्या सगळ्यात देखण्या ट्रकवर १,४३० होतं. त्याच्या पलीकडच्या साध्यासुध्या, कापडी खुर्च्यांच्या ट्रकवर १,६९०.

त्या १,६९० मधून आम्ही पाच माणसं वजा केली, ७६०. (आईने स्वतःचं वजन सांगायला नकार दिला, अंदाज माझा.) उरले ९३०. वजन वाटून देणारी जोडणी ८०. ती घ्यावीच, तिच्या दांड्या मागच्या आसावरचा थोडा भार पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात, नाहीतर ट्रकचं नाक वर येतं. उरले ८५०. हौद्यातलं सामान, बर्फाची पेटी, लाकडं, खुर्च्या, आणि आईने आणलेलं लोखंडी खलबत्त्याचं जोडपं धरून १५०. उरले ७००. तेरा टक्क्यांनी ७०० म्हणजे भरलेला ट्रेलर फार तर ५,४०० पौंडांचा.

अकरा हजारांवरून पाच हजार चारशेवर! फिफ्थ व्हीलचा ओटा तिथेच मिटला. आम्ही वापरलेला, २१ फुटी, साधा ट्रेलर घेतला. पोळ्या बायकोला बाहेर, स्टोव्हपाशी लाटाव्या लागतात. ती दर वेळी तसं बोलूनही दाखवते.

या सगळ्यात हौद्याच्या लांबीने वजनाचा प्रश्न सुटत नाही, हे मला उशिरा उमगलं. मोठा हौदा म्हणजे जास्त वजन नव्हे, फक्त जास्त जागा. आणि जास्त जागा हा भरत राहायचा मोह. मग साडेसहाच का? आबा झोपले म्हणून? थोडंफार तेही. पण हौदा ११.८ इंचांनी वाढतो तेव्हा पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतरही नेमकं ११.८ इंचांनीच वाढतं: १४५.४ वरून १५७.२. ट्रेलर वाऱ्याने आडवा ढकलला गेला की तो ट्रकच्या बुडाला ढकलतो, आणि मागचा आस मधोमध धरून ट्रकचं नाक उलट बाजूला फिरवू बघतो. एका बाजूला गोळ्यापासून मागच्या आसापर्यंतचं अंतर, दुसऱ्या बाजूला दोन आसांमधलं. दुसरं जितकं लांब तितकी पुढची चाकं त्या ढकलण्याला पुरी पडतात. तरफ कशी चालते ते ज्याला माहीत आहे त्याला यात नवीन काही नाही.

त्याची किंमत वळताना मोजावी लागते. वळायला तीनेक फूट जास्त लागतात, आणि किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये ट्रकचं नाक किंवा शेपूट कुणाच्यातरी वाटेत असतं. मी आता लांब, कोपऱ्यात लावतो. चालणं होतं.

इंजिनाबद्दल फार लिहीत नाही, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. एवढंच, की आमचं घरच कळसूबाईच्या टोकाएवढ्या उंचीवर आहे आणि पश्चिमेला जायचं तर आयझेनहॉवर बोगदा लागतो, ११,१५८ फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या दुप्पट. विरळ हवेत साध्या इंजिनाचा दम हजार फुटांमागे तीनेक टक्क्यांनी कमी होतो. म्हणून टर्बो घेतलं. बास.

पहिली रंगीत तालीम चॅटफील्ड स्टेट पार्कला केली. घरापासून जवळ, फजिती झालीच तर परतायला सोपं. झालीच. तळावर ट्रेलर अजून जोडलेलाच होता, मला हौद्यातली बर्फाची पेटी हवी होती, मी खटका दाबला. फाळका ऐटीत खाली आला आणि ट्रेलरच्या दांडीवर उभ्या असलेल्या जॅकच्या डोक्यावर आपटला. आवाज फार मोठा नव्हता. खड्डा लिंबाएवढा पडला. गारांची भीती घालणारी बायको काही बोलली नाही, आणि ते जास्त लागलं. हौद्याची लांबी मोजणाऱ्यांनी फाळक्याचीही मोजावी, ट्रेलर जोडलेला असताना. आता आम्ही आधी जॅकचं डोकं बघतो, मग खटका.

मागे घेण्याची दुसरी फजिती. इथले लोक शिकवतात, स्टेअरिंगला खालून धरायचं आणि ट्रेलर जिकडे न्यायचा तिकडे हात न्यायचा. मी तसं करत होतो आणि ट्रेलर हरणासारखा भलतीकडे पळत होता. आबा मागे उभे होते. आधी ‘‘येऊंदे, येऊंदे’’ चाललं होतं, मग ‘‘थांब, थांब,’’ मग नुसतं ‘‘आरं!’’ शेवटी ते खिडकीशी आले. ‘‘मागं बघू नगंस. ट्रॉलीचं चाक बघ. चाक जिकडं, गाडी तिकडं. आन घाई कशापायी? कारखान्याचा पाळी नंबर हाय व्हय हितं?’’ आबांनी तीस गळीत हंगाम ट्रॅक्टरमागे ट्रॉली लावून रात्री-बेरात्री कारखान्याच्या आवारात मागे घेतलेली. दोन दिवसांनी, जिथे ट्रेलर ठेवतो त्या रिकाम्या आवारात, त्यांनी एकदा मला खाली उतरवलं आणि स्वतः बसले. उलट्या बाजूचं स्टेअरिंग, आयुष्यात कधी न चालवलेला ट्रक. एका झटक्यात, दोन ट्रेलरांच्या मधल्या फटीत, सरळ. उतरताना म्हणाले, ‘‘लांब गाडीनं सोपं जातं. ती उशिरा ऐकती, पर ऐकती.’’

त्याच आठवड्यात महामार्गावरच्या ट्रक-तळावर जाऊन आम्ही सगळ्यांसकट वजन करून आणलं. तिथल्या काट्यावर पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर अशी तीन वेगळी वजनं एका चिठ्ठीवर मिळतात. माझा अंदाज चाळीसएक पौंडांनी चुकला होता, सुदैवाने बरोबर बाजूला. आबा चिठ्ठी उलटसुलट करून बघत होते. ‘‘ह्यो काटा तरी खरा हाय का?’’ ऊस घातलेला माणूस कुठल्याच काट्यावर विश्वास ठेवत नाही.

जुलैत ग्लेशियर नॅशनल पार्कला गेलो. मोंटाना राज्य, कॅनडाच्या सीमेला लागून. घरापासून दोन दिवसांची वाट, आणि त्यातलं वायोमिंग हे सगळं वाऱ्याचं. व्हीटलंडच्या अलीकडे रस्त्यावर पाट्याच असतात, की वारा वाढला तर हलक्या, उंच गाड्यांना रस्ता बंद. आम्हाला बंद नव्हता, पण झुळुका अशा यायच्या की डाव्या बाजूने कुणी खांदा मारतंय. ट्रेलर हलला की पाठीला कळायचं, मग स्टेअरिंगला, आणि मग ते तिथेच विरायचं. मी ताशी ५५ मैलांवर आलो, मागून मोठे ट्रक हॉर्न मारत पुढे गेले. त्या दीड तासात ते ११.८ इंच वसूल झाले असं मी म्हणतो. बायको म्हणते, वसूल झाला तो तिचा मारुतीस्तोत्राचा पाठ. दोन्ही चालू होतं, त्यामुळे निकाल लावता येत नाही.

तळावर आमच्या शेजारी टेक्सासचं एक जोडपं होतं. त्यांचा ट्रक चार दारी, आठ फुटी हौद्याचा, मागे चार चाकं असलेला, आणि त्यावर बायकोला आवडला होता तसाच फिफ्थ व्हील. वायोमिंगच्या वाऱ्याबद्दल मी सांगायला गेलो तर म्हाताऱ्याने खांदे उडवले. त्याला वारा जाणवलाच नव्हता. मी मनातून थोडा खट्टू झालो. पण सकाळी ते दोघं डबा घेऊन लाल बसची वाट बघत होते. १९३० च्या दशकातल्या, कापडी छताच्या त्या जुन्या बस अजून तिथे धावतात. ‘गोइंग-टू-द-सन’ नावाचा तो रस्ता १९३३ साली खुला झाला. डोंगराच्या कडेला कोरून काढलेला. आपल्या वरंधा घाटाची आठवण होते, फक्त खाली दरीत बर्फ. तिथे ॲव्हेलांच ते रायझिंग सन या टप्प्यात २१ फुटांहून लांब आणि आरशांसकट ८ फुटांहून रुंद गाडी न्यायला मनाई आहे, ट्रेलर असो वा नसो. त्या म्हाताऱ्याचा ट्रक एकटाच २२ फुटांच्या वर होता.

आमचा २० फूट साडेतीन इंच.

आम्ही ट्रेलर तळावर सोडला, आरशांना लावलेले ओढण्याचे जोडआरसे काढून ठेवले, आणि आईला पुढच्या खिडकीशी बसवून लोगन पासपर्यंत गेलो. ६,६४६ फूट. वर पांढऱ्या डोंगरी शेळ्या होत्या. आईने त्यांना ‘‘हाऽड’’ केलं. पार्किंगमध्ये जागा नव्हती आणि ट्रकचं बूड एका जागेच्या रेषेबाहेर फूटभर राहिलं, तेव्हा आबा तिथेच त्याच्यामागे पहाऱ्याला उभे राहिले. त्यांनी तो अख्खा घाट एका लाल बसच्या पुढच्या चाकाकडे बघत काढला, असं नंतर कळलं.

रात्री तळावर आबा आत झोपले नाहीत. हौद्यात गादी टाकली, घोंगडी घेतली, फाळका बंद करून घेतला. अस्वलांचा मुलूख आहे, आत चला, म्हणून मी तासभर विनवण्या केल्या. दहाला मुलगाही चढला. साडेसहा फूट लांब, चार फूट रुंद. दोघांत मिळून बहुतेक दोनशे शब्द समाईक असतील. बराच वेळ खुसखुस ऐकू येत होती.

ट्रेलर वर्षातून वीस-पंचवीस दिवस ट्रकला लागतो. उरलेले दिवस हौदा बाकी कामं करतो. मागच्या भाद्रपदात महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीचं मखर त्यातूनच गेलं. फाळका पाडला की आठ बाय चारचा शीट बसतो, मागे लाल फडकं बांधलं की झालं. ढोल-ताशा पथकाच्या पोरांनी तर मला आता गृहीतच धरलंय. साडेपाच फुटी घेतला असता तर इतके फोन आले नसते, हाही एक मुद्दा निवडताना लक्षात घ्यावा.

आबा-आई दिवाळीआधी परत गेले. या मे महिन्यात एका दुपारी फोनवर गारांचा इशारा आला. मी आणि बायको धावलो. घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या रजया आणि आईने मागे ठेवलेल्या दोन वाकळा ट्रकच्या बॉनेटवर, टपावर अंथरल्या, दोऱ्यांनी आवळल्या. नऊवारीच्या तुकड्यांची वाकळ अंगावर घेतलेला तो ट्रक बघून समोरच्या घरातल्या बाईंनी फोटो काढला. समितीकडे जाणार नाही अशी आशा आहे. गारा पडल्या, दहा मिनिटं, बोराएवढ्या. काही झालं नाही.

संध्याकाळी आबांना व्हिडिओवर दाखवलं. गावाकडे पहाट होत होती. त्यांनी ट्रक बघितला, गॅरेज बघितलं, मला मागची भिंत दाखवायला लावली.

‘‘साडेतीनच इंच न्हवं? मग भित्तीत एक कोनाडा काढ की. नाक आत जाईल.’’

‘‘आबा, ती भिंत काढता येत नाही, आगीचे नियम आहेत तिला. आणि पलीकडे स्वयंपाकघर आहे.’’

‘‘बघ आपलं,’’ म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

बायको झोपल्यावर मी टेप घेऊन स्वयंपाकघरात गेलो. भिंतीपलीकडे मसाल्याच्या डब्यांची फळी आहे. खोली नऊ इंच. मागच्या रांगेत नुसते रिकामे डबेच आहेत.